‘काही होत नाही’ असं सांगू नका

काकूंच्या आधी लवंगेच्या तेलाचा वास खोलीत आला. मग पदराचा बोळा उजव्या गालावर दाबून धरलेल्या काकू, आणि त्यांच्यामागे एक्स-रेचं पाकीट घेऊन सून. खुर्चीत बसायच्या आधीच सून म्हणाली, “मॅडम, आता तुम्हीच समजवा आत्यांना. दात काढताना काही होत नाही, हे सांगून सांगून घरातले सगळे दमले.” काकू काही बोलल्या नाहीत. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिल्या.

मी समुपदेशक आहे, दातांची डॉक्टर नाही. आमच्या तालुक्याच्या गावातले दोन दंतवैद्य खुर्चीत बसायलाच न धजणारे पेशंट अधूनमधून माझ्याकडे पाठवतात. त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो : दाढ काढताना नेमकं काय होतं आणि मला ते सोसेल का? काकूंच्या निमित्ताने त्याचं उत्तर लिहिते आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय छपन्न. वरची उजवीकडची मागची दाढ किडून निम्मी पडलेली, मुळं हाडात तशीच. रूट कॅनालची वेळ केव्हाच टळली होती. सात महिने त्या डाव्या बाजूने जेवत होत्या आणि रात्री ठणका लागला की मेडिकलमधून आणलेली गोळी घेऊन पडत होत्या. दवाखान्याच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आल्या होत्या. एकदा खुर्चीत बसल्याही होत्या, पण सुई टोचताच चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून घरात ठरून गेलं होतं, आईला इंजेक्शन ‘लागू होत नाही’.

दातांच्या भीतीसाठी पाच प्रश्नांचं एक छोटं मापन आहे. उद्या दवाखान्यात जायचं आहे, बाहेर बाकावर बसला आहात, दात कोरायचं यंत्र चालणार आहे, दात साफ करायचे आहेत, हिरडीत सुई घेणार आहेत : प्रत्येक वेळी किती भीती वाटते ते एक ते पाचमध्ये सांगायचं. एकूण १९ किंवा त्याहून जास्त आले तर भीती फार मोठी मानतात. काकूंचे २२ आले.

सुनेला मी बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, “काकू, खुर्चीत बसल्यावर नक्की कशाची भीती वाटते?”

बराच वेळ गेला. मग त्यांनी चौथीतली गोष्ट सांगितली. दुधाची दाढ सुजली होती. वडील कुठल्याशा दवाखान्यात घेऊन गेले. सुई दिली आणि ती चढायच्या आधीच पक्कड घातली. दोघांनी हात धरले होते, एकाने डोकं.

“दुखल्यालं मी इसरले, मॅडम. पन मी ‘थांबा, थांबा’ म्हणत हुते आन् कुणी थांबंना.”

वहीत मी एवढं एकच वाक्य लिहून घेतलं. पुढचं सगळं काम त्याच्यावरच झालं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना सुईची किंवा रक्ताची तेवढी भीती नसते. आपण थांबा म्हटलं तर कुणी थांबणार नाही, याची असते. आणि अशा माणसाला ‘काही होत नाही, काही कळणारसुद्धा नाही’ असं सांगितलं की तो आणखी बिथरतो. त्याला माहीत असतं की काहीतरी होतं. सांगणारा खोटं बोलतोय हेही कळतं, मग त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही.

म्हणून काय काय होणार ते मी काकूंना जसंच्या तसं सांगायचं ठरवलं. आधी त्यांच्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं.

पहिली गोष्ट, सुई. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे बाहेरून, गालाच्या बाजूने दिलेली भूल सहज आत झिरपते. खालच्या दाढेपेक्षा हे सोपं. पण वरच्या दाढेसाठी एक सुई टाळूतही द्यावी लागते, आणि ती दुखते. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नसते. “पाच-दहा सेकंद डोळ्यांत पाणी येईल,” मी म्हटलं. काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. सात महिन्यांत ‘दुखेल’ असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी, दाब. मी त्यांच्या दंडावर तळवा ठेवून जोरात रेटलं आणि मग नखाने बारीक चिमटा घेतला. दोन्ही कळलं ना? भूल चढली की चिमटा जातो, रेटा राहतो. दुखणं वाहून नेणारे मज्जातंतू बारीक असतात, ते लवकर बधिर होतात. दाब कळवणारे जाड, ते पुरते झोपत नाहीत. त्यामुळे डॉक्टर दाढ हलवून सैल करतात तेव्हा जबडा ओढल्यासारखा वाटतो. पुष्कळ लोक तिथेच घाबरतात. त्यांना वाटतं भूल उतरली. चिमट्यासारखं टोचलं तर मात्र ते दुखणंच, आणखी भूल मागायची. सूज-पू असेल तर भूल नीट चढत नाही, म्हणून काही वेळा डॉक्टर आधी औषधं देऊन ते निवळू देतात.

तिसरी, आवाज. वरचा जबडा कानाजवळ असतो आणि आवाज हाडातूनच जातो, त्यामुळे मूळ सुटताना कट्ट असं मोठ्याने ऐकू येतं. काकूंनी विचारलं, “ऊस मोडल्यागत?” मी म्हटलं, “अगदी तसंच.”

मग डोळ्याचा विषय निघाला. वरची दाढ काढली की नजर जाते, हे मला दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतं. काकूंच्या चुलत सासूबाईंचा डोळा म्हणे दाढ काढल्यावरच गेला. विचारलं तर तेव्हा त्यांचं वय सत्तरीचं आणि डोळ्यात मोतीबिंदू. त्या वयात दातही पडतात आणि मोतीबिंदूही होतो. कुणाचा कशाशी संबंध जोडायचा हे लोक ठरवतात. दाताची संवेदना नेणारी नस ही चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेची फांदी आहे. दिसतं ते वेगळ्याच नसेने, जी डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. काकूंना हे पटलं का? अर्धवट. त्यांनी सुनेला हाक मारून तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

‘लागू न होणाऱ्या’ इंजेक्शनचा उलगडा मात्र मजेशीर निघाला. त्या दिवशी काकू उपाशी गेल्या होत्या, ‘आपरेशन’ म्हणून. बीपीची गोळीही घेतली नव्हती. बाहेर दीड तास बसल्या, आतल्या यंत्राचा आवाज ऐकत. सुई टोचल्या टोचल्या घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार. भीतीने बीपी एकदम खाली येऊन येणारी ही चक्कर असते. भुलेच्या औषधात अ‍ॅड्रेनलिनही मिसळलेलं असतं, त्याने काहींची छाती दोन-चार मिनिटं धडधडते. या भुलेची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित आढळते. तरी ते ठरवायचा अधिकार माझा नाही, म्हणून झाला प्रकार चिठ्ठीत लिहून डॉक्टरांना कळवला. नुसती जागा बधिर करायची असेल तर खाऊन जायचं, रोजच्या गोळ्या घेऊन जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं आणि साखर यांचीही गोष्ट आधी डॉक्टरांच्या कानावर घालायची.

पुढच्या आठवड्यात आम्ही दवाखान्यात नुसतं बसून आलो. दाढेला हात लावायचा नाही, हे डॉक्टरांशी ठरलंच होतं. काकू खुर्चीत बसल्या, खुर्ची मागे झाली, पुढे झाली, त्यांनी आरसा स्वतः हातात धरून पाहिला. मग डॉक्टर म्हणाले, “काकू, डावा हात वर केला की मी थांबणार. कारण विचारणार नाही.”

मंगळवारी सकाळचा पहिलाच नंबर घेतला होता. वाट बघण्यातच भीती निम्मी वाढते, म्हणून. काकू भाकरी खाऊन, गोळी घेऊन आल्या. टाळूतल्या सुईला डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी बोटाने माझ्याकडे ‘हीच ना ती?’ अशी खूण केली. दहा मिनिटं थांबून डॉक्टरांनी हिरडीला टोचून पाहिलं आणि काम सुरू केलं.

मिनिटभरात काकूंचा डावा हात वर गेला. डॉक्टर थांबले, हत्यार बाहेर काढलं. “दुखतंय?” काकूंनी मान हलवली, नाही. हात खाली घेतला. पुन्हा सुरू झालं, पुन्हा हात वर. डॉक्टर पुन्हा थांबले. याही वेळी दुखत नव्हतं. मी पायाशी उभी होते. माझ्या लक्षात आलं की त्या खरंच थांबतात का हे बघत होत्या. डॉक्टरांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्यांदा हात वर गेला नाही. दाढेची तीन मुळं सुटी करून एकेक काढली. एकदा मलाही ऐकू येईल एवढा कट्ट आवाज झाला आणि तोंडात कापूस असताना काकू काहीतरी पुटपुटल्या. नंतर कळलं, “ऊसच मोडला.” सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली, एक टाका पडला.

दाढ काढल्यानंतरचं मात्र लोक गंभीरपणे घेत नाहीत, आणि घोटाळा तिथे होतो. तोंडातला बोळा पाऊण तास चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. थुंकल्याने आणि चूळ भरल्याने जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून येते, आणि ती गुठळी म्हणजेच जखमेवरचं झाकण. स्ट्रॉने पिणंही त्याचसाठी नको. पहिले चोवीस तास गुळण्या नाहीत, मग कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा नको. भाजलेलं कळत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत लाळ गुलाबी दिसली तर घाबरायचं नाही, पण बोळा दाबूनही भळभळत राहिलं तर लगेच डॉक्टर गाठायचे. वरच्या मागच्या दाढेच्या डोक्यावर गालाच्या हाडातली पोकळी असते, म्हणून काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची.

हे सगळं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं. बाहेर आल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. तोंडात बोळा, त्यामुळे अर्ध्या खुणाच. दोन बोटं दातांवर फिरवली आणि भुवया उंचावल्या. मिश्री! चाळीस वर्षांची सवय, डॉक्टरांपासून लपवलेली. मी तशीच त्यांना आत घेऊन गेले. तंबाखूने ती गुठळी टिकत नाही, जखम भरत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. “निदान तीन दिवस नको. आठवडा जमला तर फारच बरं.” काकूंनी मिश्रीची डबी तिथेच सुनेकडे दिली. सून माझ्याकडे बघत राहिली; सासूची डबी हातात यायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. “मॅडम, भोकात पांढरं दिसतंय, पू झाला का?” दुखणं उतरलंय का चढलंय, विचारलं. उतरलंय. ताप, दुर्गंधी? नाही. सूज? कमी आहे. मग ते बहुतेक जखम भरतानाचं पांढुरकं आवरण असेल, खरवडू नका, सकाळी डॉक्टरांना एकदा दाखवा, असं सांगितलं. डॉक्टरही तेच म्हणाले. उतरत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटून कानापर्यंत गेलं असतं, तर गुठळी गेल्याची शंका घ्यावी लागली असती. त्यावर घरी गोळ्या खात बसून भागत नाही. डॉक्टर जखम धुऊन आत औषध भरतात तेव्हा आराम पडतो. ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज वाढतच राहिली तर तेही घरी बसून बघायचं दुखणं नाही.

दोन आठवड्यांनी काकू आल्या, या वेळी गालावर पदर नव्हता. तेच पाच प्रश्न पुन्हा विचारले. पंधरा आले. कागदाच्या पुडीत त्यांनी दाढेचे तुकडे आणले होते, ते टेबलावर मांडले. बोटाच्या पेराएवढंही काही नव्हतं. “एवढ्याशासाठी सात म्हैने,” म्हणाल्या, आणि नातवाची गंमत सांगितली. घरी गेल्यावर तो ‘आजीनं दात काढला’ म्हणून खिदळत होता, तर त्याला म्हणाल्या, “मी काढला ते पुरे, तू नको काढूस.”

मोकळ्या जागेत कृत्रिम दात बसवायचं डॉक्टरांनी सुचवलंय. त्याचं मी मध्ये विचारलं.

“सुगी हू द्या,” काकू म्हणाल्या. “आन् सुनंला संगट घेऊनच जानार. एकटी न्हाई.”