गॅरेजची खोली, फाटकावरची नोटीस आणि उरलेले सात दिवस

लातूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. १९९८ साली तत्कालीन नगरपरिषदेच्या मंजुरीने बांधलेल्या त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने गॅरेज होते. २०२२ मध्ये त्यांनी शटरच्या जागी भिंत आणि खिडकी घेतली, मागच्या कोपऱ्यात न्हाणीघर काढले आणि ती खोली शिकवणीसाठी गावोगावाहून आलेल्या तीन विद्यार्थ्यांना भाड्याने दिली. शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर हे बदल काढून टाकण्याची महानगरपालिकेची नोटीस पोस्टाने आली. ती त्यांनी घेतली नाही. मग ती फाटकावर चिकटवली गेली. त्यालाही एकोणीस दिवस झाल्यावर ते विचारतात की न्यायालयातून स्थगिती मिळेल काय, घरपट्टी नियमित भरल्याचा काही उपयोग होईल काय, आणि गल्लीत आणखी चौघांनी हेच केले असताना नोटीस आपल्यालाच का.

अशी पत्रे लातूरच्या ट्युशन एरियातून, नांदेडहून आणि संभाजीनगरातून वर्षभर येत असतात. त्यामुळे परवानगी घ्यायला हवी होती की नाही, याची चर्चा मी येथे करणार नाही. गुरुजी, तुम्ही पाठवलेल्या फोटोत नव्या खिडकीच्या डोक्यावर जुन्या शटरच्या गुंडाळीचा पत्र्याचा डबा अजून तसाच आहे. तो दिसत असताना ‘ही खोली पहिल्यापासून होती’ असे कोणालाही सांगू नका.

तुमच्या प्रकरणाचा सगळा निकाल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ मधील पोटकलम (३) वर अवलंबून आहे. नोटीस मिळालेल्या माणसाला, नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, ते बांधकाम कायम ठेवण्यासाठी किंवा तो वापर चालू ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. आणि असा अर्ज केला की त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत किंवा तो मागे घेतला जाईपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकामाला हात लावता येत नाही. म्हणजे जी स्थगिती मागायला तुम्ही न्यायालयाची पायरी चढू पाहता, ती कायद्याने आधीच लिहून ठेवली आहे, फक्त ती मुदतीच्या आत अर्ज करणाऱ्यासाठी आहे.

मुदत किती, हे नोटीस कोणत्या पोटकलमाखाली आहे त्यावर ठरते. परवानगीच न घेता केलेल्या बांधकामासाठी अवघ्या चोवीस तासांच्या पूर्वसूचनेची तरतूद आहे. परवानगी घेतली पण काम तिच्याशी विसंगत केले, अशा प्रकरणात किमान एक महिना द्यावा लागतो. तुमची नोटीस दुसऱ्या प्रकारची आहे आणि तिच्यात तीस दिवस दिले आहेत, हे तुमचे नशीब समजा. गॅरेजच्या नोटिसा पहिल्या प्रकारातही निघू शकतात. आता दिवस मोजू. मुदत नोटीस बजावल्यापासून धरायची असते आणि चिकटवल्याच्या तारखेपासून मोजले तर तुमच्याकडे अकरा दिवस आहेत. परंतु कागदावर, जावक क्रमांकाच्या शेजारी, हाताने लिहिलेली तारीख त्याच्या चार दिवस आधीची आहे, आणि पोस्टाचे पाकीट तुम्ही नाकारले त्या दिवशीच बजावणी झाली असेही कोणी म्हणू शकेल, कारण घेण्यास नकार दिल्याने बजावणी टळत नाही. मी तुमच्या जागी असतो तर सातच दिवस उरले असे धरून चाललो असतो. पाकीट परत पाठवताना काय साधले, हे मात्र मला समजलेले नाही. शाळेत विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका न घेता वर्गाबाहेर बसून वेळ काढला असता, तर तुम्ही त्याला काय सांगितले असते?

अर्ज परवानाधारक अभियंत्यामार्फत, मंजूर नकाशा आणि सध्याच्या बांधकामाचा मोजमापासह नकाशा जोडून करायचा आहे. तो दाखल करून आवक क्रमांक घ्या, आणि सोबत एक साधे पत्र द्या की अमुक तारखेच्या नोटिशीस अनुसरून कलम ५३(३) खाली हा अर्ज केला आहे. हे वाक्य राहून गेले तर कार्यालयात तो नेहमीचा बांधकाम परवानगीचा अर्ज म्हणून रांगेत जाऊन पडेल, आणि पाडकामाचे पथक येईल त्या दिवशी तुमच्या हातात दाखवायला काही नसेल.

अर्ज मंजूर होईल का, यावर मी खात्रीने बोलणार नाही. वाहनतळाचे क्षेत्र चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रात, धरले जात नाही, राहण्याची खोली धरली जाते. म्हणून पहिला प्रश्न हा की भूखंडावर चटईक्षेत्र शिल्लक आहे काय. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीमुळे १९९८ च्या मानाने ते शिल्लक निघण्याची शक्यता बरी आहे. दुसरा प्रश्न, गेलेल्या वाहनतळाची जागा आवारात दुसरीकडे दाखवता येते काय. तिसरा, गॅरेज सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधलेले आहे काय. तसे असेल तर राहण्याच्या खोलीसाठी मला फारशी आशा दिसत नाही. चौथी गोष्ट तुम्ही आजच टेप घेऊन तपासा. राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट लागते. गॅरेजचा स्लॅब बहुधा त्याहून खाली असतो, आणि तुम्ही तर घराशी पातळी जुळवण्यासाठी भराव घालून फरशी अर्धा फूट वर घेतली असे लिहिता. उंची कमी भरली तर भराव काढावा लागेल किंवा राहण्याऐवजी साठवणीचा वापर मागावा लागेल. कोणते परवडेल ते अभियंत्यालाच विचारा. शटरच्या वरची तुळई खिडकीसाठी फोडली आहे काय, हेही त्याला पाहू द्या. किल्लारी आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी असलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

घरपट्टीच्या पावत्या फाईलला लावायच्या तर लावा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर कर आणि शास्ती बसवण्याची तरतूद आहे, आणि त्याच कलमात म्हटले आहे की अशी आकारणी व वसुली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजले जाणार नाही. प्रशमन शुल्क, म्हणजे तडजोडीची रक्कम, भरून मोकळे होण्याची नगररचना अधिनियमाच्या कलम ५२-अ ची योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. तुमच्या परिचितांनी सुचवल्याप्रमाणे मिस्त्रीकडून २०१४ ची पावती आणण्याचा विचार मनातही आणू नका. आज हे नगररचनेचे प्रकरण आहे. खोट्या पावतीने ते फौजदारी होईल. गल्लीतल्या चौघांचा दाखलाही चालणार नाही, कारण बेकायदेशीरपणात समानता मागता येत नाही. काम फक्त आतल्या भागाचे असल्यास परवानगी लागत नाही, या कलम ४३ मधील सवलतीचा आधार काही वकील घेतात. तो युक्तिवाद म्हणून घेता येईल, परंतु तुमच्या बाबतीत दर्शनी भागही बदलला आहे आणि वापरही.

आता न्यायालयाबद्दल. नगररचना अधिनियमाचे कलम १४९ अशा नोटिशीला दाव्यात आव्हान देण्यास मनाई करते, त्यामुळे दिवाणी न्यायालयात पहिला वाद दावा चालू शकतो की नाही यावरच होईल, आणि त्या एका मुद्द्यावर तारखा किती पडतात हे कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट करता येईल, पण तेथे बहुधा पहिला प्रश्न हाच येईल की ५३(३) खाली अर्ज का केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत दिलेल्या निर्देशांचा, विशेषतः किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीचा, सध्या बराच उल्लेख होतो. ते निर्देश घाईने होणाऱ्या कारवाईपासून संरक्षण देतात. मुदत हातची घालवणाऱ्याचे बांधकाम त्यांनी नियमित होत नाही. अर्ज नामंजूर झालाच तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे चाळीस दिवसांत अपील करता येते, आणि वकिलाची खरी गरज तेव्हा लागेल.

भाड्याचा विषय तुम्ही एका ओळीत उरकला आहे. लेखी करार नाही, पैसे दरमहा रोख, मुले वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि करार नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तरीही या आठवड्यात घाईने करार नोंदवू नका. वाद चालू असलेल्या खोलीचा नवा करार तुमच्याच अर्जाला अडचणीचा ठरू शकतो. मुलांच्या पालकांना मात्र नोटिशीची कल्पना लेखी द्या, आणि अर्जात खोली रिकामी आहे असे लिहू नका.

१९९८ च्या मंजूर नकाशाची प्रत घरात सापडत नाही असे शेवटी लिहिले आहे. प्रथम गृहकर्ज घेतलेल्या बँकेत विचारा. गहाणाच्या कागदांत ती असण्याचा संभव असतो. नाही मिळाली तर नगररचना विभागात शुल्क भरून प्रमाणित प्रतीचा अर्ज करा आणि त्याची पोच मुख्य अर्जाला जोडून मुख्य अर्ज दाखल करा, नकाशासाठी थांबू नका. माहितीच्या अधिकारात मागू नका. तेथे उत्तराची मुदतच तीस दिवसांची आहे.