‘आसक्ती’, ‘अनुबंध’ की ‘भावबंध’?

प्रेमाच्या मानसशास्त्रावर मराठीत लिहिताना पहिल्या ओढीला ‘आकर्षण’ म्हणता येते; पण पुढे जुळून टिकणाऱ्या ‘अटॅचमेंट’ला ‘आसक्ती’ म्हणावे, ‘अनुबंध’ म्हणावे की घरी बोलतात तशी ‘लागणी’ म्हणावी, असा प्रश्न बडोद्यात मानसशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे.

‘लागणी’ हा शब्द आपल्या बडोद्याच्या मराठीत गुजरातीच्या शेजारामुळे रुळला. मात्र गुजरातीत त्याचा अर्थ ‘भावना’ एवढा व्यापक आहे, आणि पुण्या-नाशिकच्या वाचकाला त्यावरून रोगाची ‘लागण’ आठवेल. ‘अनुबंध’ मराठीत गोड वाटतो, परंतु हिंदीत त्याचा रूढ अर्थ ‘करार’ आहे आणि आपल्याकडचे विद्यार्थी हिंदी पुस्तकेही वाचतात.

खरी अडचण ‘आसक्ती’ची आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून संग (म्हणजेच आसक्ती), संगातून काम आणि कामातून क्रोध अशी उतरंड सांगितली आहे, तर तिसऱ्या अध्यायात ‘असक्त’ राहून कर्म करण्याचा उपदेश आहे. या संस्कारामुळे आसक्ती ही सोडण्याची गोष्ट आहे, असेच मराठी मन धरून चालते. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत मांडलेला ‘अटॅचमेंट’चा सिद्धान्त याच्या अगदी उलट आहे. आईजवळ राहण्याची मुलाची धडपड हा दुबळेपणा नसून जगण्यासाठी उत्क्रांत झालेली गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या शब्दातच निषेध आहे, त्याने ही गरज कशी सांगावी?

मुलाच्या बाबतीत मराठीत ‘लळा’ हा सुरेख शब्द आहेच. पण लळा लहानग्याला लागतो किंवा लहानग्याचा लागतो. पतिपत्नींविषयी तो कोणी वापरत नाही. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी तर १९८७ मध्ये प्रौढांचे प्रेमही याच सिद्धान्ताच्या चौकटीत मांडले. शरीरशास्त्रातही ही नाती शेजारीशेजारीच आढळतात: प्रसूतीच्या आणि स्तनपानाच्या वेळी स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, व्हासोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकासह, प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याच्या जोडीबंधातही (नर-मादीच्या टिकाऊ साथीतही) अभ्यासले गेले आहे. त्यामुळे आई-मूल आणि प्रिया-प्रियकर या दोन्ही नात्यांना पेलेल असाच शब्द हवा, आणि तो मला ‘भावबंध’ वाटतो.

पहिल्या टप्प्यासाठी ‘आकर्षण’ अवश्य ठेवावे, कारण ती घडामोड निराळी आहे. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात, नव्याने प्रेमात पडलेल्या व्यक्तींनी प्रिय माणसाचे छायाचित्र पाहिल्यावर डोपामिन या मेंदूतील रसायनाशी निगडित, बक्षिसाच्या अपेक्षेने जागे होणारे भाग उद्दीपित झालेले दिसले. मराठी क्रियापदांनी हा भेद आधीच जपला आहे: ओढ ‘लागते’, जीव ‘जडतो’. म्हणून परिभाषेत ‘भावबंध’ लिहिले तरी ओघवत्या वाक्यात ‘त्यांचा एकमेकांवर जीव जडला’ असेच लिहावे. ‘त्यांच्यात भावबंधाची निर्मिती झाली’ असे लिहू नये.

संज्ञेला विशेषणे जोडता येतात का, हेही पाहावे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या निरीक्षणातून ‘अटॅचमेंट’चे जे प्रकार सांगितले, त्यांपैकी आईच्या आधाराने निश्चिंत होणाऱ्या मुलाच्या प्रकाराला ‘सुरक्षित भावबंध’ आणि आईला टाळणाऱ्या मुलाच्या प्रकाराला ‘टाळता भावबंध’ म्हणता येते. ‘सुरक्षित आसक्ती’ मात्र कोणत्याही मराठी वाचकाला खटकेल.