बांधावरची वेडी बाभूळ काढताना शमी का राखावी?

प्रश्न : आमच्या बांधावर वेडी बाभूळ माजली आहे. ती काढायला घेतली तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यातले एक झाड शमीचे म्हणून राखायला लावले. दोन्ही झाडे काटेरी, दोन्हींची पाने बारीक. मग शमी राखण्याला श्रद्धेखेरीज काही आधार आहे का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : आधार आहे आणि तो भक्कम आहे. वेडी बाभूळ आपल्या बाभळीपेक्षा शमीला, म्हणजे सौंदडीला, अधिक जवळची. दोघींची गणना दीर्घकाळ प्रोसोपिस या एकाच प्रजातीत होत असे. २०२२ मध्ये वर्गीकरणाची फेरमांडणी होऊन वेडी बाभूळ नेल्टुमा या प्रजातीत गेली. शमी मूळची इकडचीच आहे, तर वेडी बाभूळ अमेरिका खंडातून १८७७ च्या सुमारास भारतात आणली गेली.

नात्याने जवळ असूनही दोघींचे वागणे अगदी वेगळे आहे. राजस्थानात शेतकरी शमीच्या झाडांखाली बाजरी घेतात आणि ती चांगली पिकते. याउलट वेड्या बाभळीच्या गळलेल्या पाल्यातून जमिनीत उतरणारी द्रव्ये इतर बियांची उगवण रोखतात, त्यामुळे तिच्याखाली गवतही धड वाढत नाही. शेळ्या शमीचा पाला आवडीने खातात. वेड्या बाभळीचा पाला त्या टाळतात, पण तिच्या गोड शेंगांवर मात्र तुटून पडतात, आणि कठीण कवचाच्या बिया न पचता लेंड्यांतून व शेणखतातून थेट शेतात येऊन पडतात. म्हणजे जनावरे भोवतालचा चारा संपवतात आणि या झाडाची पेरणी करतात. माझ्या मते तिच्या फैलावाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारे रण रोखण्यासाठी १९६१ पासून तिची लागवड झाली; आज तिथल्या गुराख्यांची कुरणे तिनेच गिळली आहेत.

ओळखण्यासाठी फांदी हातात घेऊन पाहावी. वेड्या बाभळीचे लांब, टोकदार काटे पानाच्या बुडाशी बहुधा जोडीने येतात; शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पेरांच्या मध्ये विखुरलेले असतात. वेड्या बाभळीची शेंग चपटी व मांसल, तर शमीची बारीक आणि लांबट असते.

वेडी बाभूळ नुसती तोडल्यास बुडख्यातून पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून शेंगा पिकण्यापूर्वीच ती मुळासकट खणून काढावी. हे काम यंत्राने करणार असाल, तर त्याआधी शमीची लहान रोपे शोधून त्यांना खुणा करून ठेवाव्यात. शमी फार सावकाश वाढते आणि उपटलेल्या एका झाडाची भरपाई व्हायला कित्येक वर्षे लागतात.