शपथपत्र मतदानाआधी हाती यावे म्हणून : एका मतदाराचे उत्तर

तुमचा प्रश्न वाचताना माझीच जुनी अडचण दुसऱ्या कोणीतरी मांडली आहे असे वाटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातील १५ जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका मतदानात तुमच्या चार सदस्यांच्या प्रभागात तुम्हाला चार मते द्यायची होती. त्यांपैकी दोन उमेदवारांविषयी तुम्ही काही ऐकून होतात आणि उरलेली दोन मते केवळ चिन्ह पाहून दिलीत. उमेदवारांची शपथपत्रे, म्हणजे आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि कर्जे त्यांनी शपथेवर जाहीर केलेले कागद, पाहायला गेलात तर कार्यालयाने ‘संकेतस्थळावर बघा’ असे सांगितले आणि संकेतस्थळावरचा दुवा उघडला नाही. पुढच्या वेळी हे कसे टाळावे, आणि ज्या जागेविषयी काहीच कळले नाही तिथे ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) वापरावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मतदार यादी, प्रभागाची हद्द आणि मतदान केंद्र या गोष्टी तुम्ही आधीच तपासलेल्या दिसतात, तेव्हा त्यांवर लिहीत नाही. मी वकील नाही आणि निवडणूक यंत्रणेतही कधी नव्हतो. पुढे जे लिहितो ते महानगरपालिकांपुरते आहे आणि प्रत्येक निवडणुकीच्या वेळी निघणारे आदेश पाहूनच त्यावर विसंबावे.

पहिला घोटाळा बहुतेकांचा होतो तो असा, की लोक भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवर नगरसेवकपदाचा उमेदवार शोधतात आणि तो सापडत नाही म्हणून माहिती उपलब्धच नाही असे समजतात. लोकसभा आणि विधानसभा हे त्या आयोगाचे क्षेत्र आहे. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे संकेतस्थळ वेगळे आहे आणि उमेदवारांची शपथपत्रेही तिथेच असतात. अर्थात ती तिथे ‘असतात’ आणि ती ‘उघडतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

आता मला सर्वांत महाग पडलेल्या गोष्टीकडे येतो. २०१७ च्या निवडणुकीत आमच्या प्रभागातील दोन उमेदवारांची शपथपत्रे मला वाचायची होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर फलक होता आणि त्यावर शपथपत्रे लावलेलीही होती. नियम पाळला गेला होता असे कागदोपत्री कोणीही म्हणू शकले असते. प्रत्यक्षात प्रत्येक शपथपत्राची सगळी पाने डाव्या कोपऱ्यात एकत्र टाचून कुलूपबंद काचेच्या आत लटकवलेली होती. त्यामुळे बाहेरून दिसत होते ते फक्त पहिले पान : नाव, पत्ता, मुद्रांक आणि नोटरीचा शिक्का. गुन्ह्यांचा तक्ता, मालमत्ता आणि कर्जे हे सगळे मागच्या पानांवर होते. काच उघडून पाने दाखवा असे म्हटल्यावर किल्ली साहेबांकडे असल्याचे कळले, आणि साहेब बैठकीत होते. शेवटी टेबलावरच्या कर्मचाऱ्याने अगदी सौजन्याने सुचवले, की प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.

या एका सल्ल्याने सगळा खेळ संपला. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार उत्तर देण्यास ३० दिवसांची मुदत असते, आणि उमेदवारांची अंतिम यादी व मतदान यांत जेमतेम दोन आठवडे असतात. २०२६ च्या निवडणुकीचेच पाहा : अर्ज भरणे २३ डिसेंबरला सुरू झाले, अंतिम यादी ३ जानेवारीला लागली आणि मतदान १५ तारखेला झाले. माझ्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प होता, पोचही मिळाली. मग तो अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे हस्तांतरित झाला, कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे कार्यालय हे तात्पुरते असते आणि निकालानंतर तिथे टेबलही उरत नाही. ज्याच्याकडे अर्ज गेला त्या कार्यालयाने निवडून आलेल्यांच्या मिरवणुका संपल्यानंतर कळवले, की सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्या उत्तरात तांत्रिकदृष्ट्या खोटे काहीच नव्हते, आणि राग येतो तो त्याचाच. मतदाराला उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी स्पष्ट केले, पुढे राज्य निवडणूक आयोगाने ते तत्त्व स्थानिक निवडणुकांतही आणले. पण हा हक्क मतदानाआधी बजावता आला नाही तर त्याला संग्रहमूल्याखेरीज काय उरते?

म्हणून माझे ठाम मत असे, की शपथपत्रासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करूच नये, आणि कोणी तसे सुचवले तर ते नम्रपणे नाकारावे. त्याऐवजी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या नावे दोन ओळींचा साधा अर्ज द्यावा : अमुक प्रभागातील अमुक जागेच्या उमेदवारांची शपथपत्रे सर्व पानांसह वाचता येतील अशी लावावीत आणि त्यांची प्रत मिळावी. आवक-जावक टेबलावर पोच घ्यावी आणि त्याच दिवशी तोच मजकूर राज्य निवडणूक आयोगाला ईमेलने पाठवावा. तोंडी विनंतीला ‘साहेब बैठकीत आहेत’ हे उत्तर पुरते. शिक्का मारलेल्या पोचेला ते पुरत नाही. दुसरे म्हणजे अंतिम यादीची वाट पाहू नये. शपथपत्र उमेदवारी अर्जाबरोबरच दाखल होते, तेव्हा छाननीच्या आधीपासूनच ती जमवायला लागल्यास हाताशी आणखी आठवडाभर मिळतो. माघार घेणाऱ्यांची काही पाने वाया जातील, तेवढे सोसावे. संकेतस्थळाचा भारही शेवटच्या दिवसांत वाढतो. सुरुवातीच्या दिवसांत, तेही पहाटे किंवा रात्री उशिरा, फाइल उतरवून ठेवलेली बरी.

प्रत हाती आल्यावर ती कशी वाचावी, याविषयी माझी मते थोडी हट्टी आहेत. बहुतेक जण मालमत्तेचा आकडा पाहतात, त्यावर चर्चा करतात आणि तिथेच थांबतात. नुसत्या आकड्यातून मला फारसे काही कळत नाही. तोच उमेदवार आधीच्या निवडणुकीत उभा असेल तर दोन शपथपत्रे शेजारी ठेवून काय वाढले, कशाने वाढले आणि उत्पन्नाचा स्रोत म्हणून काय लिहिले आहे हे पाहण्यात खरा अर्थ आहे. जोडीदाराचा रकाना तर मी आधी वाचतो. महिलांसाठी राखीव जागांवर अनेकदा माजी नगरसेवकाची पत्नी उमेदवार असते; ती स्वतः कर्तबगार असू शकते आणि तसे असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, परंतु घरातील व्यवसाय बांधकामाचा आहे की कंत्राटांचा, हे त्या रकान्यातून निदान अंधुकपणे दिसते. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती कायद्याने सदस्यत्वास अपात्र ठरते, मात्र भाऊ किंवा मेहुणा यांच्या नावे असलेली संस्था शपथपत्रात कुठेच येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गुन्ह्यांच्या तक्त्याबाबत घाई करू नये. प्रथम खबर नोंदवली जाणे, दोषारोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि शिक्षा होणे या चार पायऱ्या आहेत, आणि समाजमाध्यमांवर त्या सगळ्यांना ‘गुन्हेगार’ या एकाच शब्दात कोंबले जाते. कलमे पाहावीत. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यामुळे एकाच शपथपत्रात जुनी आणि नवी कलमे एकत्र दिसतात. जुने १८८ म्हणजे आताचे २२३. ते शासकीय आदेश मोडल्याचे असते आणि आंदोलने करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कार्यकर्त्यावर ते लागलेले असते. त्यावरून कोणाला नापास करणे मला अन्यायाचे वाटते. जुने ४२०, म्हणजे आताचे ३१८, फसवणुकीचे आहे. जुने ३५३, म्हणजे आताचे १३२, कर्तव्यावरील सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर केल्याचे आहे. उद्या ज्याला त्याच कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचे आहे त्याच्या बाबतीत हे शेवटचे कलम मी गांभीर्याने घेतो, आणि ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांच्या संकेतस्थळावर प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहतो. इथे एक सावधगिरी : नावसाधर्म्याने फार घोटाळे होतात. शपथपत्रातील प्रकरण क्रमांक आणि न्यायालय जुळल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये, नाहीतर बदनामीचा खटला तुमच्यावरच यायचा.

शपथपत्रात दडवले तर काय, असेही कोणी विचारील. तमिळनाडूतील कोइम्बतूर जिल्ह्यातल्या एका पंचायत अध्यक्षाने २००६ च्या निवडणुकीत एक प्रकरण सांगितले आणि बाकीची लपवली. अशी लपवाछपवी हा भ्रष्ट मार्ग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०१५ रोजी सांगितले. निकाल इतक्या खालच्या स्तरावरील निवडणुकीतून आला हे मला महत्त्वाचे वाटते. पण वर्षांचे अंतर पाहिलेत ना? न्यायालयावर भरवसा जरूर ठेवावा. मतदानाआधीची खातरजमा मात्र आपल्यालाच करावी लागते.

माहिती अधिकाराचा खरा उपयोग आहे तो आता, म्हणजे निवडणूक नसताना. नगरसेवकाची सर्वसाधारण सभेतील उपस्थिती, त्याने विचारलेले प्रश्न, मांडलेले ठराव आणि प्रभाग समितीची इतिवृत्ते हा सगळा अभिलेख महापालिकेत असतो. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची अशी प्रगतिपुस्तके काढत आले आहे; इतर शहरांत ते काम बहुधा आपणच करायचे असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि याच कारणावरून अर्ज परत येतात, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे कधीही लिहू नये. एक सभा, एक वर्ष, एक नगरसेवक असे तुकडे करावेत, आणि प्रतींऐवजी अभिलेखाची पाहणी मागावी. पाहणीत शेजारच्या फायलीही नजरेखालून जातात आणि खर्चही कमी येतो.

छापील ‘कार्य अहवाल’ मात्र मी बाजूलाच ठेवतो. रस्ता, दिवे, गटार, उद्यान, सगळे ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’. कोणत्या वर्षी, कोणत्या तरतुदीतून आणि कार्यादेश कधीचा, याचा एका ओळीतही पत्ता नसतो. मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात कोणीही पदावरचा नगरसेवक नव्हता. तरीही त्याच वर्षांतील कामांची छायाचित्रे अहवालात छापलेली असतील तर संबंधितांना निदान एक साधा प्रश्न विचारता येतो, की पद नसताना हे काम आपण कसे मंजूर करून घेतले. पाठपुरावा केला असेल तर पत्रव्यवहार असेल, आणि तो दाखवणारा माणूस माझ्या नजरेत वर चढतो. हा प्रश्न कोपरा सभेत विचारण्यापेक्षा सोसायटीच्या किंवा वस्तीच्या छोट्या बैठकीत विचारावा. कोपरा सभेत ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात असतो.

जाता जाता आणखी एक. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तुमच्या प्रभागातील हिशेब आज मागता येतील; मंडप, वाहने आणि छपाई यांचे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण आणि कागदावरचे आकडे ताडून पाहिल्यास पुढच्या वेळच्या उमेदवारांपैकी काहींची ओळख आत्ताच होईल.

राहिला ‘नोटा’चा प्रश्न. बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र ‘नोटा’ असतो, त्यामुळे तीन जागांवर उमेदवार निवडून चौथ्या जागेवर तो वापरता येतो. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची आहे, म्हणजे तो केवळ निषेधाचा हुंकार राहिलेला नाही. तरीही माझे वैयक्तिक मत असे, की सगळे उमेदवार वाचून नापसंत ठरले असतील तर ‘नोटा’ योग्य आहे. कोणाविषयीच काही वाचलेले नसेल तर मतदानाला निघण्याआधी त्या एका जागेची शपथपत्रे तरी चाळावीत. एका जागेचे पाच-सहा उमेदवार असतात आणि गुन्ह्यांचा तक्ता व जोडीदाराचा रकाना एवढेच पाहायचे म्हटले तर तासाभराचे काम आहे, अर्थात फाइल आधीच उतरवून ठेवलेली असेल तर.