रंकाळ्याला ८३एक्स, दाजीपूरला २५एक्स: लाँग झूम कॅमेरा निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या रंकाळा आणि कळंबा तलावावरचे पक्षी, वर्षातून दोन-तीनदा दाजीपूरचं जंगल, आणि गच्चीवरून चंद्र. लेन्स बदलत बसायचं नाही. दुकानदार ८३एक्सचा निकॉन पी९५० घ्या म्हणतो, मित्र २५एक्सचा सोनी आरएक्स१० मार्क ४. ८३ पुढे २५ फारच कमी वाटतात म्हणून तुम्ही अडलाय.

आधी तो एक्स बाजूला ठेवा. लेन्सच्या सगळ्यात लांबच्या फोकल लेंग्थला (ती मिमीत मोजतात, जितकी जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं) सगळ्यात छोटीने भागलं की एक्स मिळतो, बाकी त्यात काही नाही. कॅननचा जुना एसएक्स५० एचएस ५०एक्स होता आणि पॅनासॉनिकचा एफझेड८० हा ६०एक्स, पण दोघेही थांबतात १२०० मिमीवरच. पहिला २४ पासून सुरू होतो आणि दुसरा २० पासून, एवढाच फरक. म्हणून मिमी (३५ मिमी फिल्मच्या तुलनेतले) वाचा: पी९५० जातो २००० पर्यंत, कॅनन एसएक्स७० एचएस १३६५ पर्यंत, सोनी ६०० पर्यंत. डिजिटल झूमचा आकडा तर वाचूच नका, तो फोटो कापून मोठा करणं आहे.

आता हे मिमी रंकाळ्यावर लावून बघा. कठड्यापासून ३० मीटरवर खंड्या बसलाय, लांबी साधारण २८ सेंमी. ६०० मिमीला फ्रेमची रुंदी तिथे १.८ मीटर भरते, म्हणजे पक्षी फ्रेमच्या सहाव्या हिश्शाइतका. २००० मिमीला रुंदी अर्ध्या मीटरच्या आसपास, पक्षी निम्म्याहून जास्त. पाण्याच्या मध्यावरच्या जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, टिबुकल्या हे पक्षी तुमच्यासाठी जवळ येणार नाहीत, तिथे पी९५०ला तोड नाही. चंद्रही तसाच: २००० मिमीला तो फ्रेमच्या उंचीचा सुमारे ७० टक्के भाग भरतो, ६००ला जेमतेम पाव. निकॉनच्याच पी१०००चे ३००० मिमी घेतले तर पूर्ण चंद्र फ्रेममध्ये मावतच नाही, आणि वजन जवळपास दीड किलो. तुमच्या वापराला तो नको.

दाजीपूरला हिशेब उलटतो. गवा अडीच-तीन मीटर लांब. ५० मीटरवर उभा असला तरी ६०० मिमीला फ्रेम भरून येतो, त्याच्यापुढचे मिमी वायाच जातात. तिथे कमी पडतो तो उजेड. पी९५०चा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) सुमारे २८ चौरस मिमी, सोनीचा ११६, म्हणजे चौपट. शिवाय सोनीची लेन्स ६००लाही एफ/४ वर उघडी राहते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), पी९५० पूर्ण झूमला एफ/६.५ वर येतो. सकाळी झाडीखाली सोनीत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ला १/५०० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर एफ/६.५ ला त्याच शटरसाठी आयएसओ ४००० च्या वर जावं लागतं. छोट्या सेन्सरवर ४०० पर्यंत फोटो स्वच्छ, ८०० चालवून घेण्याजोगा, १६०० ला अंगावरचे केस आणि पिसं पुसट होऊन नुसता रंगाचा थर उरतो. सोनीत ३२०० पर्यंत काम निभतं. उडणाऱ्या धनेशावर फोकस धरून ठेवणंही सोनीलाच जमतं. पी९५० सेकंदाला ७ या वेगाने १० फोटो काढतो आणि मग कार्डावर लिहीपर्यंत थांबतो, तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

माझं स्पष्ट मत: दहातले आठ दिवस रंकाळा-कळंबा असेल तर पी९५० घ्या आणि दाजीपूरचे थोडे फोटो दाणेदार येणार हे मान्य करा. जंगल मुख्य असेल तर सोनी, आणि चंद्र छोटा दिसणार. पैसे सोनीला बरेच जास्त पडतात. एसएक्स७० सुमारे ६०० ग्रॅमचा, रोज पिशवीत न्यायला बरा, पण सेन्सर त्याचाही छोटाच.

पी९५० घेतल्यावर पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांचे फोटो बिघडतात. कारणं ठरलेली. पूर्ण झूम करून पक्षी शोधायला गेलं की नुसतं पाणी दिसतं. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो. पक्षी मध्यावर आणा आणि बटण सोडा. फोकसचा चौकोन सगळ्यात लहान ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढचं गवत पकडतो. स्क्रीनवर बघत हात लांब करू नका, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि कोपरं बरगड्यांना टेकवा. रंकाळ्याच्या कठड्यावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली तर महागड्या ट्रायपॉडची गरज पडत नाही. ट्रायपॉड लावलाच तर व्हायब्रेशन रिडक्शन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५००, उडत्याला १/१६००.

आणि ऊन. सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा लहरायला लागते, आणि दोनशे मीटरवरचा पक्षी कितीही चांगल्या लेन्समध्ये वितळल्यासारखा येतो. हा कॅमेऱ्याचा दोष नाही, दुकानात परत नेऊ नका. गच्चीवरून जोतिबाचा डोंगर झूमने जवळ ओढायला गेलात तर हेच होणार. चंद्रासाठी पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासची रात्र निवडा, तेव्हा खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. आयएसओ १००, एफ/६.५, शटर १/१००च्या आसपास, पौर्णिमेला १/२५०.

आपल्याकडचा पावसाळा या लेन्सना बाधतो. झूम आत-बाहेर होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि आत बुरशी आली की घरी पुसता येत नाही. पी९५० आणि एसएक्स७०ला पाण्यापासून संरक्षण नाही. सोनी थोडे शिंतोडे सोसतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येतात. चामड्याच्या बॅगेत कॅमेरा महिनोन् महिने ठेवू नका.

जुना घेणार असाल तर स्वतःचं कार्ड घेऊन जा. समोरून टॉर्च मारून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा. झूम पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा. घरघर, अडखळणं किंवा नळी सैल हलणं असेल तर नको. एफ/८ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, आणि ही लेन्स निघत नसल्यामुळे सगळा कॅमेरा उघडावा लागतो. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून समोरून फोटो काढा. चारपैकी एकच कोपरा पुसट आला तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे. शेवटी दुकानाच्या दारातून रस्त्याच्या टोकाची पाटी पूर्ण झूमला टिपा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघूनच पैसे द्या. नव्याच्या बाबतीत जीएसटी बिलावरचा सीरियल नंबर आणि कॅमेऱ्याखालचा नंबर दुकानातच जुळवा, आणि पी९५० असेल तर दुसरी बॅटरी त्याच बिलात घ्या. एका चार्जमध्ये साधारण २९० फोटो निघतात, रविवारच्या सकाळी ते पुरत नाहीत.