मार्चमध्ये जा, ट्रिसिलला जा

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. नाताळच्या सुट्टीत फिनलंडमधल्या लेव्हीला जायचं, पाच दिवसांत स्नोबोर्डिंग शिकायचं आणि रात्री नॉर्दर्न लाइट्स बघायचे. लाइट्ससाठी काळ चांगला निवडलास. बोर्ड शिकायला मात्र तेव्हा जाऊ नकोस. लेव्ही आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे, डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे सूर्य उगवतच नाही. उतारांवर दिवे असतात, पण नवशिक्याला पायाखालच्या बर्फाचा चढउतार दिसायला हवा आणि तो दिसतो सावलीमुळे. अंधुक उजेडात सगळं पांढरंफटक एकसारखं होतं. खड्डा होता हे पडल्यावर कळतं.

म्हणून मार्च. २० मार्चच्या सुमारास दिवस बारा तासांचा असतो आणि बर्फही भरपूर असतो. फक्त फेब्रुवारीअखेरच्या शाळांच्या सुट्ट्या आणि ईस्टरचा आठवडा टाळ, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. ईस्टर दरवर्षी सरकतो, तारीख आधी बघ.

जागा म्हणशील तर नॉर्वेतलं ट्रिसिल. ओस्लो विमानतळावरून बसने तीनेक तास. तिथला स्की क्लब १८६१ सालचा, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. पण मी ते सुचवतोय ते सोप्या, हिरव्या खुणेच्या लांब उतारांसाठी. खालच्या भागात झाडी आहे, त्यामुळे ढग उतरले तरी नजरेला आधार मिळतो.

लिफ्टबद्दल मात्र नीट ऐक. नॉर्डिक देशांत उलट्या टी आकाराच्या दांड्याने वर खेचून नेणाऱ्या टी-बार लिफ्ट अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. स्कीवाल्यांना त्या सोप्या जातात. आपला मात्र पुढचा पाय बोर्डाला बांधलेला, मागचा मोकळा आणि अंग आडवं. दांडा पुढच्या मांडीमागे अडकवायचा आणि त्यावर बसायचं नाही. बसलीस की पडलीस. मी पहिल्या दिवशी चार वेळा पडलो आणि दरवेळी मागून येणाऱ्यांच्या वाटेतून बोर्ड ओढत बाजूला सरकलो. दुपारपर्यंत हातमोज्यांत पाणी झालं होतं आणि उतरायची ताकदच उरली नव्हती. तेव्हा पहिले दोन दिवस उभ्या उभ्या वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर आणि प्रशिक्षकाबरोबरच काढ. पैसे तिथे खर्च कर. बोर्ड, बूट, हेल्मेट भाड्याने मिळतं.

विकत घ्यायचंच असेल तर मनगटाचे गार्ड आणि आत घालायची पॅडवाली चड्डी घे. नवशिकी माणसं पडताना हात टेकतात, मनगट मोडतं ते तसंच. माकडहाडाला लागलेला मार तर परतीच्या विमानात आठवत राहतो. आतून लोकरीचे कपडे घाल, सुती नकोत. घामाने भिजलेलं सुती कापड खुर्चीच्या लिफ्टवर बसल्या बसल्या गारठवतं.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पण एवढ्यावर थांबू नकोस. बऱ्याच प्रवास विम्यांत स्नोबोर्डिंग वगळलेलं असतं. पॉलिसीतलं ते कलम स्वतः वाच, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने उरायला हवी. आज रात्रीच कपाटातून काढून बघ आणि मला कळव.

तुझा,
मामा