मानेच्या सोनोग्राफीत ‘जाडी’ निघाली, म्हणजे ब्लॉकेज झाले का?

गेल्या पावसाळ्यात ५४ वर्षांचे एक प्राथमिक शिक्षक पत्नीसह माझ्याकडे आले. मानेच्या धमन्यांच्या सोनोग्राफीच्या अहवालातील ‘०.९५ मिमी’ या आकड्याभोवती त्यांनी, बहुधा वह्या तपासण्याच्या सवयीने, लाल पेनने गोल काढला होता. मधुमेह ११ वर्षांचा. छातीत कधी कळ नाही, चालताना दम नाही. तरीही बसल्याबसल्या त्यांनी विचारले, “मॅडम, नस बंद होत चालली आहे. आता अर्धांगवायूच ना?”

मी टेबलावरची पट्टी त्यांच्यापुढे सरकवून १ मिलिमीटरचे अंतर दाखवले. “गुरुजी, ही जाडी धमनीच्या भिंतीतील आतल्या दोन थरांची आहे. रक्त वाहते ती पोकळी याच्या पाच-सहापट रुंद असते, आणि तुमचा रक्तप्रवाह सुरळीत असल्याचे याच कागदावर खाली लिहिले आहे.” जाडी १.५ मिमीच्या वर गेली किंवा भिंतीचा एखादा उंचवटा पोकळीत शिरलेला दिसला, तर त्याला प्लाक म्हणतात. तसा उल्लेख त्यांच्या अहवालात नव्हता. मधुमेहात वाढती साखर, रक्तदाब आणि एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीची भिंत लक्षणे दिसण्याच्या पुष्कळ आधीपासून बदलू लागते, आणि ध्वनिलहरींवर चालणाऱ्या या तपासणीत तो बदल किरणोत्सर्गाशिवाय दिसतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता.

“मग दर तीन महिन्यांनी मोजू या,” गुरुजी म्हणाले. यालाही मी नकारच दिला. भिंतीची जाडी वर्षाकाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत वाढते, तर मानेवर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण (प्रोब) जरा तिरपे धरले तरी मोजमापात त्याहून मोठा फरक पडू शकतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही धोका ठरवण्यासाठी ही जाडी सरसकट मोजण्याची शिफारस केलेली नाही. (उलट, जाडी ‘नॉर्मल’ आली म्हणून औषधे सोडणारेही मी पाहिले आहेत, त्यांची मला अधिक काळजी वाटते.)

औषधांची यादी काढली, तेव्हा त्यात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, नव्हते. गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. “कोलेस्टेरॉल नॉर्मल आले म्हणून यांनी दिवाळीतच ती गोळी बंद केली,” पत्नीने सांगितले. ते नॉर्मल त्या गोळीमुळेच आले असावे, हे मी समजावले आणि ती पुन्हा सुरू करण्याबाबत त्याच दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला सांगितले. गुरुजींनी लाल पेन काढले आणि अहवालाच्या मागे गोळीचे नाव लिहून घेतले.